वाटी कोण ढकलतं?

एप्रिल महिना. दहावीचे पेपर संपून पोरं मोकळी सुटलेली. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात रात्री अकरालाही भिंतीला हात लावावा तर चटका बसावा असा उन्हाळा, आणि अर्धं गाव धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरुणं टाकून झोपणारं. अशा एका सकाळी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच शेजारची वहिनी दारात. "ताई, एवढी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं ना तुम्ही? मग जरा घरी चला. पोरगं तीन रात्री झोपलेलं नाही."

जाऊन पाहते तर सोळा वर्षांचा चांगला धट्टाकट्टा मुलगा खाटेवर भिंतीला पाठ लावून बसलेला. उशाखाली अडकित्ता, कारण लोखंड जवळ असलं की काही जवळ येत नाही म्हणतात. उंबऱ्याशी उतरून टाकलेल्या लिंबाच्या दोन फोडी. हळूहळू सगळं कळलं. चार मित्रांनी मोबाइलवर एक सिनेमा पाहिला आणि तो संपल्या संपल्या तिथेच धाब्यावर कॅरमबोर्ड मांडून प्लँचेट केलं, म्हणजे मेलेल्याच्या आत्म्याला बोलावून प्रश्न विचारायचा खेळ. मेणबत्ती लावली, कागदावर गोल अक्षरं लिहिली, आमटीची स्टीलची वाटी पालथी घातली आणि तिच्यावर चौघांनी एकेक बोट ठेवलं. वाटी चालली. नुसती चालली असती तर पोरं हसून झोपली असती. तिनं अक्षरं दाखवली.

"बाई, देवाशप्पथ, मी नाही ढकलली," तो म्हणाला. बाकीचे तिघेही तेच सांगत होते. चौघेही खरं बोलत होते, आणि वाटी त्या चौघांनीच ढकलली होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजावण्यात माझे पुढचे दोन दिवस गेले. तेच इथे लिहिते आहे.

आधी सिनेमाबद्दल. नाव 'टॉक टू मी'. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या डॅनी आणि मायकल फिलिपू या जुळ्या भावांनी केलेला हा पहिलाच मोठा चित्रपट. त्याआधी ते यूट्यूबवर धिंगाणा घालणारे व्हिडिओ करायचे. चित्रपट २०२२ साली त्यांच्याच गावच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२३ मध्ये जगभर पोचला. गोष्ट अशी: किशोरवयीन मुलांच्या टोळक्याला एक हात मिळतो, मनगटापासून कापलेला, वर प्लास्टरसारखा लेप चढवलेला. मेणबत्ती पेटवायची, तो हात हातात घ्यायचा, "माझ्याशी बोल" म्हणायचं. आत्मा समोर दिसला की "मी तुला आत येऊ देते" म्हणायचं. ९० सेकंदांच्या आत हात सोडवायचा आणि मेणबत्ती विझवायची. उशीर झाला तर आलेला पाहुणा जायचं नाव घेत नाही.

मी तो नंतर स्वतः पाहिला. भुताखेतांचे सिनेमे मला फारसे आवडत नाहीत, पण पोरांचं टोळकं यात अगदी नेमकं पकडलंय. कुणीही गंभीर नाही. एकाच्या अंगात येतंय आणि बाकीचे मोबाइल पुढे धरून शूटिंग करत खिदळतायत. "घाबरलास का रे?" एवढ्या तीन शब्दांवर सगळं चाललेलं. सोळाव्या वर्षी भुतापेक्षा मित्रांमध्ये हसं होण्याची भीती मोठी असते, हे त्या दोघा भावांना चांगलं ठाऊक आहे. आणि नायिकेची आई वारलेली असते. ज्या क्षणी त्या खेळात आई आल्यासारखं वाटतं, त्या क्षणी ९० सेकंदांचा नियम मोडतो. ही आईची बाब ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या पोरांना लेप चढवलेला हात कुठून मिळणार? त्यांनी वाटी घेतली. आणि सिनेमातल्या हातापेक्षा ही वाटी मला जास्त मजेशीर वाटते, कारण ती खरंच चालते.

ती कशी चालते ते पाहायचं तर घरात बसल्या बसल्या एक प्रयोग करा. हातभर दोऱ्याला अंगठी बांधा. कोपर टेबलावर टेकवून चिमटीत दोरा धरा, अंगठी लोंबू द्या. हात अजिबात हलवायचा नाही असं ठरवा आणि मनात फक्त एवढंच आणा की अंगठी उजवीकडे-डावीकडे झुलतेय. अर्ध्या मिनिटात ती झुलायला लागेल. आता मनात म्हणा, गोल फिर. गोल फिरेल. डोळे मिटलेत तर हा जोर ओसरतो. मिशेल शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हेच तपासून १८३३ साली लिहून ठेवलं. त्या काळी लोक असल्या लोलकानं पाण्यात अमुक आहे का, धातूत तमुक आहे का, ते ओळखत. शेव्हरलनं पाहिलं की त्याचा स्वतःचा लोलकही छान फिरतो, पण डोळ्यांवर पट्टी बांधली आणि खाली काय ठेवलंय ते कळेनासं झालं की लोलकालाही काही कळेनासं होतं.

१८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्यानं या प्रकाराला नाव दिलं. मराठीत आपण 'कल्पनेनं होणारी हालचाल' म्हणू. एखादी हालचाल मनात आली की स्नायूंपर्यंत तिचा हलकासा निरोप जातोच, तुम्ही हुकूम सोडा वा न सोडा. क्रिकेट बघताना समोरच्यानं फटका मारला की आपला खांदा थोडा उचलला जातो ना, तसंच. बाळाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, ते हेच.

मग ती हालचाल आपली आपल्याला का कळत नाही? कारण मेंदू आपल्याच हालचालींचा हिशेब आधीच मांडून ठेवतो आणि त्यातून येणारी जाणीव वजा करून टाकतो. म्हणूनच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. दुसऱ्याचं बोट काखेत आलं की उडी बसते. स्वतःचं बोट तिथेच, तितक्याच जोरानं फिरवलं तरी काही होत नाही. ही वजाबाकी आपल्या फायद्याचीच आहे, नाहीतर नुसता शर्ट चढवतानाही आपण दचकलो असतो. पण हालचाल इतकी बारीक असेल की आपण ती केलीय याचा पत्ताच लागू नये, आणि तिचा परिणाम मात्र डोळ्यांसमोर दिसत असेल, तर मेंदू एकच निष्कर्ष काढतो: हे मी केलेलं नाही.

आता यात चार पोरं घाला. मी भौतिकशास्त्राची बाई, तेव्हा इथे थोडं रेंगाळणार. कॅरमबोर्ड घोटीव. त्यावर बोरिक पावडर. वर पालथी, गुळगुळीत काठाची वाटी. जागची वस्तू हलायला लागणारा जोर हा हलत्या वस्तूला हलतं ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. बैलगाडी चिखलातून काढताना पहिला झटकाच जड जातो, हे कुणालाही विचारा. पाच-दहा मिनिटं हात पुढे धरून बसल्यावर बोटं थरथरायला लागतात, चारांचे चार बारीक जोर वाटीवर साठत जातात. कुणा एकाच्या बोटाचा केसाएवढा जोर वाढतो आणि वाटी एकदम सुटते. एकदा सुटली की तिला चालू ठेवायला आणखी कमी जोर पुरतो. बाकीच्या तिघांना काय जाणवतं? वाटी आपल्या बोटाला घेऊन निघाली. बोट सुटू नये म्हणून ते तिच्यामागे जातात, आणि जाता जाता तिला ढकलतात. मग पहिल्यालाही वाटतं, वाटी मलाच ओढतेय. चौघेही दुसऱ्याच्या मागे चाललेत आणि पुढे कुणीच नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, मला ठाऊक आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीही पटत नव्हतं. तेव्हा लंडनमध्ये 'टेबल फिरवण्या'चं खूळ होतं. चार-सहा जण टेबलावर तळवे ठेवून बसत आणि टेबल हलायचं, गोल फिरायचं. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज. शेवटी १८५३ मध्ये हे काम मायकल फॅरडेनं अंगावर घेतलं. विजेची मोटर आणि जनित्र ज्याच्या डोक्यातून निघालं, तो हाच. त्याच्यासारख्या माणसानं टेबलाच्या मागे लागावं याचंच मला अजून कौतुक वाटतं.

फॅरडेनं टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले आणि प्रत्येक दोन थरांमध्ये मऊ, चिकट लुकणाच्या गोळ्या दाबल्या. लोकांनी हात सगळ्यात वरच्या थरावर ठेवायचे. युक्ती पाहा: टेबल स्वतःहून फिरत असेल तर खालचा थर आधी सरकेल आणि वरचा, हातांसकट, मागे राहील. हात ढकलत असतील तर वरचा थर पुढे गेलेला दिसेल. टेबल फिरलं. थर तपासले. वरचा थर पुढे गेलेला होता, त्याच्याखालचा थोडा कमी, त्याच्याखालचा आणखी कमी.

त्यानं आणखी एक गंमत केली. हाताखालचा थर जरा जरी सरकला तर झुकेल अशी एक बारीक काडी उभी केली, म्हणजे बसलेल्या माणसाला स्वतःचा जोर स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा. काडी झाकून ठेवली की टेबल फिरे. काडी समोर ठेवली की टेबल जागच्या जागी. माणसं तीच, हात तेच, श्रद्धाही तीच. आपण ढकलतोय हे दिसू लागलं आणि ढकलणं थांबलं, एवढाच फरक. मात्र फॅरडेनं त्या लोकांना लबाड म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांना बोलावलं. घाबरलेला चौथा खाटेवरून बघत होता, त्याला बोट ठेवायचा आग्रह मी केला नाही. पहिल्यांदा वाटीच्या बुडावर गोडेतेलाचं बोट फिरवलं. फॅरडेचीच युक्ती, किराण्याच्या सामानात. वाटी स्वतः निघाली तर तेलामुळे बोटं मागे घसरतील. बोटं ढकलत असतील तर पुढे घसरतील. पाचेक मिनिटांत तिन्ही बोटं वाटीच्या बुडावरून पुढे सरकून काठाशी आली आणि वाटी जागची हललीच नाही. त्यातला एक स्वतःच्या बोटाकडे असा पाहत राहिला, जणू ते शेजाऱ्याचं आहे.

मग तेल पुसून काढलं, पावडर टाकली आणि तिघांचे डोळे रुमालांनी बांधले. म्हटलं, आता विचारा. कागदावर उजवीकडे 'येस' आणि डावीकडे 'नो' लिहिलेलं होतं. डोळे बांधल्यावर मी बोर्डावरचा कागद हळूच अर्धा फिरवला. उजवीकडे आता 'नो' आलं. विचारलं, "कुणी आलंय का?" वाटी जराशी घुटमळली आणि मोठ्या रुबाबात उजवीकडे, म्हणजे 'नो'वर, जाऊन बसली. कुणी आलंय का, तर नाही! खाटेवरचा चौथा त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. मग अक्षरं विचारली, तर वाटी दोन अक्षरांच्या मधल्या कोऱ्या जागी जाऊन उभी राही आणि पट्टीआडून तिघे आत्मविश्वासानं सांगत, "आर!" आत्म्याला दिसायला पोरांचेच डोळे लागत होते.

"पण बाई, शब्द कसे तयार होतात?" हा प्रश्न बरोबर आहे. एक धक्का समजतो, पण ओळीनं अक्षरं? डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असा बोर्ड वापरणाऱ्या जोड्यांच्या नजरा कुठे जातात ते यंत्रानं टिपलं. एकेकट्याची नजर पाहिली तर त्याला पुढचं अक्षर नीट ठाऊक नसायचं. दोघांच्या नजरा मिळून पाहिल्या तर दोघांपैकी एकाचे तरी डोळे पुढच्या अक्षरावर आधीच पोचलेले. म्हणजे पहिलं अक्षर कुठलं तरी पडतं, दुसऱ्याला एक सुचतं, तिसऱ्याला पुढचं, आणि शब्द जसजसा आकार घेतो तसतसं पुढचं अक्षर सगळ्यांनाच उमगत जातं. भेंड्या खेळताना गाणं कुणी सुरू केलं ते आठवत नाही आणि सगळे गात असतात, तसं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मंडळींनी २०१२ साली यावर आणखी बेरकी प्रयोग केला. माणसाचे डोळे बांधायचे, त्याला सांगायचं की समोर जोडीदार आहे, आणि जोडीदारानं गुपचूप हात काढून घ्यायचा. प्रश्न सामान्यज्ञानाचे, उत्तर हो किंवा नाही. जी उत्तरं "आपल्याला येत नाहीत, नुसता अंदाज करतोय" असं माणसांना वाटत होतं, ती तोंडानं सांगताना निम्मी बरोबर आली, नाणेफेकीसारखी. तीच बोर्डावर दिली तेव्हा साधारण ६५ टक्के बरोबर. कधीतरी कानावर पडलेलं, मनाच्या तळाशी बसलेलं बोटांमधून वर येत होतं.

यामुळेच मला त्या रात्री नेमकं काय लिहिलं गेलं ते हवं होतं. पोरांनी आधी टाळाटाळ केली. मग एकानं सांगितलं. "कोण आहे?" असं विचारल्यावर वाटी सी वर गेली. मग एच. मग आय, मग एम. तिथे या चौथ्यानं किंकाळी फोडून बोट काढून घेतलं. बाकीच्यांना 'चिम' म्हणजे काय ते कळेना. याला कळलं होतं. याचे आजोबा आदल्या दिवाळीत वारले. शेतात दोघंच असताना ते याला 'चिमणा' म्हणायचे. घरातही कुणाला हे नाव ठाऊक नव्हतं.

"बाई, हे तर दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं पुरावा पक्का होता.

मी म्हटलं, अरे, म्हणूनच. जे एकालाच ठाऊक आहे ते वाटीनं लिहिलं, तर बोट कुणाचं असेल? आणि तुझे आजोबा पाटाच्या पाण्याच्या पावतीवर अंगठा लावायचे. ते इंग्रजीत स्पेलिंग कधीपासून करायला लागले? (गावोगावच्या वसतिगृहांत प्लँचेटचे कागद इंग्रजीतच असतात. सव्वीस अक्षरांत काम भागतं, काना-मात्रा-वेलांटी नको. आमच्या अहिराणी बोलणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या मेल्यावर इंग्रजी शाळेत जातात की काय कोण जाणे.) तो काही बोलला नाही. मीही जास्त ताणलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला आजोबांची आठवण येत होती आणि चार मित्रांत ते बोलायची सोय नव्हती. सिनेमातल्या पोरीनं आईसाठी नियम मोडला. इथे बोट मोडलं नाही, पण सरकलं.

तिसऱ्या रात्रीचं मात्र अजून राहिलं होतं. पहाटे जाग आली, डोळे उघडे, चांदणं दिसतंय, पण हात हलेना, आवाज निघेना, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं ओझं, आणि धाब्याच्या कडेला काळी आकृती. हे ऐकून वहिनीचा धीरच सुटला होता. पण हा अनुभव जगभर माणसांना येतो आणि याचा मृतात्म्यांशी संबंध नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे मोठे स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना धाब्यावरून खाली पडलो असतो. कधी कधी मन आधी जागं होतं आणि कुलूप उघडायला काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं, उशीर लागतो. स्वप्न अर्धं चालू, अंग बंद, श्वास उथळ म्हणून छातीवर भार. झोपेचे तास बिघडले, उताणं झोपलं, ताण असला की याची शक्यता वाढते. दोन रात्री जागलेल्या पोराला तिसऱ्या रात्री हे झालं, यात नवल नाही. मी त्याला सांगितलं, पुन्हा झालं तर घाबरून अंगाशी झगडू नकोस. एक बोट, फक्त एकच बोट हलवायचा प्रयत्न कर. आणि कुशीवर झोप.

हा खेळ आला कुठून, तेही पोरांना सांगितलं, कारण त्यांना वाटत होतं ही काहीतरी जुनी तांत्रिक विद्या आहे. १८४८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स नावाच्या दोन बहिणींनी घरात ठकठक आवाज येतात आणि ते मेलेल्या माणसाचे आहेत असं सांगितलं. त्यातून आत्म्यांशी बोलण्याची लाटच उठली. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, थोरलीनं भर सभागृहात कबूल केलं की आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढले होते, आणि करून दाखवलं. पुढल्या वर्षी तिनं ती कबुली मागेही घेतली. तोवर धंदा उभा राहिला होता. 'प्लँचेट' हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटी फळी. १८९० मध्ये बाल्टिमोरच्या एका कंपनीनं अक्षरांचा बोर्ड खेळणं म्हणून विकायला काढला, १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे १९६६ मध्ये 'मोनोपॉली'वाल्या पार्कर ब्रदर्सनं तो विकत घेतला. सापशिडीच्या शेजारी कपाटात ठेवायची वस्तू. तिची आज वाटते तशी भीती पसरवण्यात १९७३ सालच्या 'एक्झॉर्सिस्ट' या सिनेमाचा मोठा वाटा आहे. त्यातली मुलगी असल्याच बोर्डाशी खेळत असते. आपल्याकडे हे खूळ इंग्रजी शिकलेल्या घरांतून आलं. खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ च्या अखेरीस प्लँचेटच्या बैठकी केल्या होत्या. तेव्हा वाटीवर बोट ठेवणारा अडाणी असतो असं समजायचं कारण नाही. ज्याची माणसं गेलीत, तो बोट ठेवतो.

पोराची आजी हे सगळं कोपऱ्यात बसून ऐकत होती. सुपारी कातरायला तिला तिचा अडकित्ता परत हवा होता. मध्येच म्हणाली, "मरेल मानोसले बलावनं शे ते आखाजी येई ऱ्हायनी ना. वाटीमा कोन बसस?" मेलेल्या माणसाला बोलवायचंय तर आखाजी येतेच आहे की, वाटीत कोण बसतं?

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे तो दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. पुरणपोळी, आंब्याचा रस, चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी. यात पितर येतात का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कारण इथे कुणी उत्तर मागत नाही, कुणाला 'येस-नो' विचारत नाही. घागर भरायची, नाव घ्यायचं, जेवायचं.

बोटांच्या या करामतीत आमचा भागही मागे नाही, हे सांगितलं नाही तर अर्धवट होईल. माझ्या भावानं पारोळ्याकडच्या शेतात बोअरसाठी पाणाड्या बोलावला होता. जांभळाचं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांची काडी, दोन्ही मुठींत ताणून धरून तो बांधावरून चालला, एका जागी काडी गर्रकन खाली वळली. मी ती हातात घेऊन पाहिली. माझ्याही हातात वळली, आणि मी ती वळवली नव्हती! पण ताणून धरलेली काडी म्हणजे चाप चढवलेली बंदूक. मनगट दाण्याएवढं आत वळलं की साठलेला सगळा ताण एकदम सुटतो. पाणाड्या लबाड नव्हता. वर्षानुवर्षं रानातून फिरून कुठली झाडं हिरवी राहतात, उतार कुठे आहे, शेजाऱ्याची विहीर कुठे लागली, हे त्याच्या मनात असतंच. ते काडीतून उतरतं. पण आमच्याकडे खाली काळा पाषाण, पाणी असतं ते भेगांत, आणि भेगा वरून दिसत नाहीत. त्या जागी अडीचशे फुटांवरही नुसता धुरळा निघाला. हीच करामत मोठ्या प्रमाणावर केली की काय होतं पाहा: हँडलवर मोकळी फिरणारी दांडी, आत काहीही नाही, असली 'बॉम्ब शोधक यंत्रं' इराकला विकली गेली आणि तिथल्या नाक्यांवर जवान ती हातात धरून गाड्या तपासत होते. विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली.

एक गोष्ट वहिनीला स्पष्ट सांगावी लागली. कुणीतरी तिला एका भगताचं नाव सुचवलं होतं. तो धुरी देऊन 'काढतो' म्हणे. पोरांनी वाटी फिरवली म्हणून कुणी पकडत नाही, पण भूत उतरवायच्या नावानं बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. वर नंदुरबारकडे सातपुड्यात कुणा बाईला 'डाकीण' ठरवून घराबाहेर काढणं, मारणं हे प्रकार झालेले आहेत. तिथे हा खेळ खेळ राहत नाही. वहिनी म्हणाली, "नाही हो ताई, लिंबापुरतंच होतं." मी म्हटलं, लिंबाला माझं काही म्हणणं नाही. झोप लागली नाहीच तर अमळनेरला डॉक्टरांना दाखवू.

त्या रात्री चौघांनी धाब्यावर अंथरुणं एकमेकांना चिकटून टाकली. सकाळी मी अंगणात सडा टाकत होते, तर पलीकडून आजीचा आवाज आला, "पोरगाले झोप लागनी वं माय, आठ वाजनात तरी उठेना."

आखाजीला त्यांच्याकडे गेले होते. घागर यानंच भरली. घागरीवर खरबूज, शेजारी दोन आंबे, आणि नैवेद्याच्या ताटात रस वाढायला आजीनं तीच स्टीलची वाटी घेतली होती. बुडावर पावडरीचा पांढरा गोल अजून पुसटसा दिसत होता. निखाऱ्यावर तूप सोडताना तो काहीतरी पुटपुटला. काय ते मी विचारलं नाही.